मॅडम काहीही विसरल्या नव्हत्या

वेळ साठवायला डेटाबेसमध्ये वेगळी सोय असते. तारखेला वेगळी, आकड्याला वेगळी, नुसतं हो की नाही एवढंच साठवायचं असेल तर त्यालाही वेगळी. कुणीतरी डोकं वापरून हे सगळं करून ठेवलंय. कॉलम बनवताना फक्त योग्य शब्द टाइप करायचा, बास. आणि आमच्या कंपनीत काय करायचे? टेक्स्ट. नाव टेक्स्ट, ठीक आहे. पत्ता टेक्स्ट, ठीक आहे. तारीख टेक्स्ट. वेळ टेक्स्ट. रक्तातली साखरसुद्धा टेक्स्ट. मी जॉइन झाले तेव्हा आमच्या टीमच्या लीडला विचारलं की असं का, तर तो म्हणाला, "अगं, टेक्स्टमध्ये सगळं मावतं. उद्या क्लायंटने काहीही भरलं तरी एरर येत नाही."

एरर येत नाही. हे तो कौतुकाने सांगत होता. एरर येत नाही म्हणजे चुकीचं आत जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्या एका सवयीपायी सदाशिव पेठेतल्या एका बाईंना वाटायला लागलं होतं की आपलं डोकं चाललंय. त्यांची नोकरी जाणार होती ती वेगळीच. मला अजून आठवलं की कानशिलं तापतात, म्हणून लिहून काढतेय.

आमची कंपनी येरवड्याला, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. छोटी आहे, सगळ्यांना सगळ्यांच्या डब्यात काय आहे ते माहीत असतं. आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. मी मूळची अकोल्याची, पुण्यात सदाशिव पेठेत रूम घेऊन राहते, सोबत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या दोघी. मी पेठेत राहते हे कळल्यावर लीड म्हणाला, "मग पेठेतले क्लायंट तुझे. चालत जाशील." आणि खरंच, कुठल्याही दवाखान्याचा प्रिंटर अडकला तरी मीच.

त्यातलाच एक दवाखाना मधुमेहाच्या डॉक्टरांचा. वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ. मधे बंद म्हणजे बंद. डॉक्टर घरी जायचे. रिसेप्शनवरच्या मॅडम मात्र डबा घेऊन तिथेच बसायच्या, कारण त्या राहायच्या लांब, धायरीच्या पुढे, आणि दुपारी जाऊन परत येणं त्यांना जमायचं नाही. पन्नाशीच्या पुढच्या. दवाखाना सुरू झाला तेव्हापासून तिथे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्यांना काकू म्हटलं.

"काकू घरी," त्या म्हणाल्या. "इथे मी कामाला आहे."

तेव्हापासून मॅडम.

आता एक गंमत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या दवाखान्यात सकाळी किंवा संध्याकाळी हे शब्द कुणी वापरायचंच नाही. गरजच नव्हती. "साडेअकराला या" म्हटलं की सकाळी. "सहाला या" म्हटलं की संध्याकाळी. सकाळी सहाला दवाखाना उघडा असण्याचा प्रश्नच नाही, आणि रात्री साडेअकराला डॉक्टरांकडे कोण जाणार? मॅडम फोनवर म्हणायच्या, "सव्वासात," आणि फोन ठेवायच्या. जास्तीचा शब्द वापरलेला त्यांना खपायचा नाही. आमच्या लीडने सॉफ्टवेअर बनवलं तेव्हा त्याने हेच उचललं. वेळेचा कॉलम टेक्स्ट, त्यात नुसतं साडेसात म्हणजे सात, दोन टिंबं, तीस. एएम नाही, पीएम नाही.

आणि ते चाललं. वर्षानुवर्षं चाललं, हेच तर डोक्यात जातं. टेक्स्ट क्रमाने लावायचं म्हटलं की कॉम्प्युटर पहिलं अक्षर बघतो, मग दुसरं. म्हणून एकने सुरू होणारे आधी, म्हणजे दहा, अकरा, बारा, आणि मग पाच, सहा, सात. सकाळ आधी, संध्याकाळ नंतर. यादी अगदी बरोबर लागायची. निव्वळ नशिबाने. कुणी विचार केला नव्हता, दवाखान्याच्या वेळाच तशा पडल्या होत्या. पण लीडला वाटायचं की त्याने ते नीट केलंय.

साखरेच्या बाबतीत नशीब नव्हतं. मीटरवर साखर फार वर गेली की आकडा येतच नाही, नुसतं 'हाय' येतं. तेही भरता यावं म्हणून लीडने साखरेचा कॉलम टेक्स्ट केलेला. मग डॉक्टरांनी एकदा सगळ्यात जास्त साखर असलेल्या पेशंटची यादी मागितली, तर आकड्यांमध्ये सगळ्यात वर पंच्याण्णववाला. तीनशे दहावाला खाली कुठेतरी. कारण नऊ तीनपेक्षा मोठा. पंच्याण्णववाल्या आजोबांना दवाखान्यातून काळजीचा फोन गेला, ते म्हणाले, "माझी तब्येत उत्तम आहे, तुमची दाखवा." तेव्हा सगळे हसले. मीही हसले. लीडला म्हटलं, आता तरी प्रकार बदलूया. तो म्हणाला, "रिपोर्टपुरतं आकड्यात कन्व्हर्ट करून टाक." टाकलं. कॉलम टेक्स्टच राहिला.

मग डॉक्टरांनी सकाळी सात ते नऊ अशी नवीन वेळ सुरू केली. उपाशीपोटी साखर बघायची असते त्यांच्यासाठी. रक्त द्या, नाश्ता करा, कामावर जा. लोकांना आवडलं. लोणी काळभोर, उरुळीकडून लोक पहाटेच्या बसने यायला लागले. पण आता दिवसात दोन साडेसात झाले. एक सकाळचे, एक संध्याकाळचे. आणि आमच्याकडे एकच साडेसात.

दोन्ही वेगळे करायला वेळेचा कॉलम बदलायला हवा होता. लीडने काय केलं? अजून एक कॉलम घातला. नाव 'प्रकार'. त्यात 'उपाशी' किंवा 'नेहमीची' असं निवडायचं. सकाळच्या यादीत प्रकार उपाशी असलेले, आणि दिवसभराच्या यादीत प्रकार उपाशी नसलेले. वाचायला छान वाटतं. मी त्या आठवड्यात गावाला गेले होते, तोपर्यंत ते दवाखान्यात लागलंसुद्धा.

त्यानंतर दवाखान्यात माणसं गायब व्हायला लागली.

म्हणजे पेशंट समोर उभा आणि यादीत नाव नाही. रोज नाही. दिवसाआड कधी एक, कधी दोन. पेशंट म्हणणार, मी फोन केला होता. मॅडम म्हणणार, थांबा बघते. नाही. दुसऱ्या यादीत? नाही. नावाने शोधा? नाही. आमचं ते शोधणंसुद्धा त्याच दोन याद्यांमध्ये शोधायचं, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी कंपनीत तक्रार केली. लीडने बसल्या जागी उत्तर पाठवलं, युजर एरर, ट्रेनिंग देतो. आणि मला म्हणाला, "तू जा. त्या बाईंना परत एकदा एन्ट्री कशी करायची दाखव. वय झालंय गं त्यांचं."

तर मी गेले, दुपारी, दवाखाना बंद असताना. मॅडम डबा खात होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "ट्रेनिंग द्यायला आलात ना. माउस कुठला ते पण दाखवा, राहून नको जायला."

मी म्हटलं, "मॅडम, मला फक्त काय होतंय ते बघायचंय."

"काय होतंय ते मी सांगते. मला वेड लागतंय."

त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं जसं कुणी म्हणतं आज गॅस संपलाय. मग डबा बंद केला. टेबलावर एका वाटीत भिजवलेले बदाम होते, सोललेले. त्यातला एक तोंडात टाकून म्हणाल्या, "सुनेने सांगितलंय. रोज सकाळी आणि दुपारी. ब्राह्मीच्या गोळ्या पण चालू आहेत."

मी म्हटलं, अहो विसरायला होतंच कधीतरी.

"विसरत असते तर चाललं असतं," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय. लोणीच्या त्या पाटलांचा फोन आला, ते मधेच खोकले, मागे ट्रॅक्टर चालू होता, मी साडेसात टाइप केलं, एंटर मारलं. सगळं आठवतंय. आणि यादीत नाही. म्हणजे जे झालंच नाही ते मला आठवतंय. कळतंय का तुला?"

अहो-जाहोवरून अगं-तुगंवर कधी आल्या ते त्यांना कळलं नाही. मग सांगायला लागल्या, त्यांच्या आईलाही शेवटी शेवटी असंच न झालेलं आठवायचं. गॅसवर भात लावलाय म्हणायची, आणि गॅसवर काही नसायचं. सगळं वर्णन करायची, किती पाणी घातलं, मीठ घातलं. मॅडम म्हणाल्या, "ती खोटं बोलत नव्हती गं. तिला दिसायचा तो भात."

मी बदामांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

आणि मग त्यांनी त्या लोणीच्या पाटलांचं सांगितलं, जे आदल्याच आठवड्यात झालं होतं. ते सकाळी साडेसातला आले, उपाशी, पण घरी साखर उतरवायची गोळी घेऊन. यादीत नाव नाही. सकाळची सगळी वेळ भरलेली. मॅडम म्हणाल्या, थोडं थांबा, मधे घालते. ते जिन्यात बसले. घाम फुटला, हात थरथरायला लागले. मॅडमनीच धावत जाऊन त्यांना साखरपाणी दिलं. शुद्धीवर होते, पण जरा उशीर झाला असता तर काय झालं असतं ते विचारायला नको. सावरल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांना दाखवला.

"ह्यो बघा तुमचा मेसेज. म्या काय उगी आलो व्हय? पर ह्यात संध्याकाळ लिवलंय आन बाई फोनवर सकाळ म्हनली. आता कुनाचं खरं मानायचं?"

मेसेजमध्ये संध्याकाळी साडेसात असं होतं. डॉक्टरांनी मॅडमना आत बोलावलं. म्हणाले, तुम्ही सकाळची अपॉइंटमेंट संध्याकाळची घातली, आणि मग चुकून काढून टाकली, असं झालंय का? मॅडम म्हणाल्या, मला आठवत नाही. कारण खरंच तसं काही आठवत नव्हतं, आठवणार कुठून. डॉक्टर चांगले आहेत, आरडाओरडा करणाऱ्यातले नाहीत. त्यांनी शांतपणे मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. आणि म्हणाले, पुढच्या महिन्यापासून एक नवीन मुलगी येईल, तुम्ही आता आराम करा.

"आराम," मॅडम म्हणाल्या. "धायरीला बसून आराम करायचा. आणि कायकाय आठवतंय ते भिंतीला सांगायचं."

मी ऐकत होते, आणि मेसेजपाशी अडकले होते. मेसेज गेला कसा? मेसेज आपोआप जातो, डेटाबेसच्या टेबलातली नोंद बघून. नोंदच नसेल तर मेसेज कशावरून गेला? माझे हात शिवशिवायला लागले. मी म्हटलं, मॅडम उठा जरा, मला बसू द्या.

मी डेटाबेस उघडला आणि काहीही अट न घालता, नुसतं, आजच्या तारखेच्या सगळ्या नोंदी दाखव म्हटलं. दोन्ही याद्या मिळून होत्या त्यापेक्षा जास्त आल्या. आदल्या आठवड्याच्या काढल्या. पाटील होते. साडेसात. तारीख बरोबर. नाव बरोबर. फोन बरोबर. आणि 'प्रकार'च्या कॉलममध्ये काहीच नाही. नल.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. नल म्हणजे शून्य नाही, रिकामी जागाही नाही. नल म्हणजे माहीत नाही. आणि माहीत नसलेल्या गोष्टीला तुम्ही विचारलं की तू उपाशी आहेस का, तर उत्तर येतं, माहीत नाही. तू उपाशी नाहीस ना? तरी उत्तर तेच, माहीत नाही. दोन्ही याद्यांना हो पाहिजे असतं. त्यामुळे तो माणूस सकाळच्या यादीतही नाही आणि दिवसभराच्या यादीतही नाही. टेबलात मात्र आहे, शाबूत. पहिल्या महिन्यात शिकवतात हे. मुलाखतीत विचारतात. आमच्या लीडनेच मला मुलाखतीत विचारलं होतं. आणि मेसेजचा कोड साडेसातसमोर उपाशी लिहिलेलं नसलं की सरळ संध्याकाळ धरायचा, म्हणून पाटलांना तसा मेसेज गेला.

मी मॅडमना विचारलं, तुम्ही प्रकार का भरत नाही?

"कुठला प्रकार?"

मी त्यांना फॉर्म उघडायला लावला. त्यांचा मॉनिटर जुना, चौकोनी. नाव, फोन, तारीख, वेळ, तिथे स्क्रीन संपली. प्रकार त्याच्या खाली. ऑफिसात आमच्याकडे एवढे मोठे स्क्रीन आहेत की सगळं एकदम दिसतं. काउंटरवर पेशंट असेल तर मॅडम चिठ्ठी छापायला खाली जायच्या, छापायचं बटण खाली होतं, मग प्रकार दिसायचा आणि त्या भरायच्या. फोनवर कुणाला चिठ्ठी द्यायची असते? वेळ टाइप केली की एंटर, की झालं सेव्ह. कुठेही अडत नव्हतं. एरर येत नव्हता. म्हणून जे फोनवरून यायचे तेच गायब व्हायचे. आणि फोन करणारे कोण? जे लांबून येतात ते.

मी तिथूनच लीडला फोन लावला. स्पीकरवर नाही, पण मॅडम शेजारीच होत्या.

"नोंदी टेबलात आहेत," मी म्हटलं.

"मग झालं तर. डेटा सेफ आहे."

"यादीत येत नाहीयेत. प्रकार नल आहे."

"त्यांनी निवडला नसेल. तेच तर म्हणतोय, ट्रेनिंग दे."

"त्यांना दिसतच नाहीये तो. स्क्रीनच्या खाली आहे."

"मग स्क्रोल करायला काय होतं?"

"तू नलचं काही केलंच नाहीस."

"अगं नल म्हणजे नेहमीची. तसं गृहीत आहे."

"तू गृहीत धरलंस. डेटाबेसला कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, "तू आत्ता चिडलीयेस. चहा पी आणि मग बोल." मी फोन ठेवला. माझा आवाज वाढला होता बहुतेक, कारण मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती कधी केली हे सिस्टीम आपोआप लिहिते. ते एकच काय ते नीट साठवलेलं होतं, कारण ते लीडने बनवलेलं नव्हतं. पाटलांच्या नोंदीसमोर त्यांचा फोन आला तो दिवस, ती दुपार. त्याच्या खाली दुसरे. तिसरे. मॅडमनी चष्मा पुढे घेतला आणि एकेक ओळ वाचायला लागल्या. "हे कोथरूडचे. यांच्याशी तर भांडण झालं माझं. या हडपसरच्या बाई, यांना मी खोटं बोलता म्हटलं होतं." हात टेबलावर सपाट ठेवलेला. खूप वेळ वाचत होत्या.

"म्हणजे भात लावला होता," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो मॅडम.

"मग दिसत का नव्हता?"

मी म्हटलं, "समजा तुम्हाला विचारलं, हा माणूस उपाशी नाही ना? आणि तुम्हाला माहीत नाही. काय म्हणाल?"

"म्हणेन, मला काय माहीत."

"डेटाबेस तेच म्हणतो. आणि मला काय माहीत म्हटलं की तो माणूस दाखवत नाही."

"अस्सं. आम्ही ज्याचं माहीत नाही त्याला बसवून ठेवतो आणि विचारतो. तुमच्याकडे हाकलतात."

मग त्या चिडल्या. रडल्या नाहीत, मला वाटलं होतं रडतील. चिडल्या, माझ्यावर. "तुला माहितीये मी घरी किल्ल्या कुठे ठेवते ते फोनमध्ये फोटो काढून ठेवायला लागले? नातवाला शाळेतून आणायला जायचं मी सोडलं. म्हटलं याला रस्त्यात विसरून आले तर. आणि तुम्ही तिकडे येरवड्याला गृहीत धरून बसलात." मी मान खाली घातली. कोड माझा नव्हता, पण गळ्यातलं आयकार्ड त्याच कंपनीचं होतं, आणि त्यांच्यासमोर दुसरं कोण होतं?

पाचला डॉक्टर आले. मी त्यांना उभ्या उभ्याच सगळं दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले, बरोबर प्रश्न विचारले. मग म्हणाले, "ओके. म्हणजे टेक्निकल ग्लिच होता."

मला त्या शब्दाचा इतका राग आला ना. ग्लिच म्हणजे वीज चमकली, लाइट गेली. हे तसं नाही. हे एका माणसाने खुर्चीत बसून टाइप केलं, त्याला नीट काय करायचं ते माहीत होतं, आणि त्याने केलं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडम बोलल्या.

"डॉक्टर, ती मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये आहे माझ्या. तुम्ही लिहिलंयत, विसरण्याचं प्रमाण वाढलंय. त्याच्या खाली लिहून द्या, वाढलेलं नाही. सही करा. तारीख घाला."

डॉक्टर हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढून समोर ठेवली. डॉक्टरांनी लिहिलं. सही केली. तारीख घातली. मग म्हणाले, "आराम वगैरे जाऊ द्या आता. पण त्या मुलीला मी हो म्हणून बसलोय. येऊ दे तिला, दोघी बसा. तुम्हालाही मदत होईल." नोकरी वाचली. पण शेजारी खुर्ची आलीच.

नलचं मी त्याच दिवशी बसवलं. प्रकार फॉर्ममध्ये वर आणला, भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं केलं, रिकामं चालणारच नाही असं कॉलमला सांगितलं. हे लीडने मान्य केलं, कारण पाच मिनिटांचं काम होतं. वेळेच्या कॉलमला मात्र हात लावू देईना. "तो बदलला तर बाकीच्या दवाखान्यांचं फुटेल." मी म्हटलं, बाकीच्यांचंही आज ना उद्या फुटणारच आहे. तो म्हणाला, तेव्हा बघू. शेवटी मी भांडून या दवाखान्यापुरता एक नवीन कॉलम मिळवला, खऱ्या वेळेचा, चोवीस तासांचा, आणि मेसेज त्याच्यावरून जायला लावला. जुन्या टेक्स्टवरून तो भरायचा तर दहा, अकरा, पाच, सहा सोपे होते. सात ते आठमधल्या, प्रकार न भरलेल्या पुढच्या अपॉइंटमेंटना विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. मग मॅडम आणि मी दोन दुपारी बसून एकेकाला फोन केले. तुमचे साडेसात कुठले, सकाळचे की संध्याकाळचे? एक आजी म्हणाल्या, "रात्री जेवणाच्या वेळी उपाशी यायला माझी काय एकादशी आहे?" एक जण म्हणाले, "इतकी वर्षं कधी विचारलं नाहीत, आज काय झालं? बाई बदलल्या का?"

"बदलल्या नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग आलं ते ईमेलचं. क्लायंटला काय झालं ते कळवायचं असतं. लीडने मला मजकूर पाठवला, नोंदी भरण्यातील विसंगतीमुळे काही अपॉइंटमेंट यादीत दिसत नव्हत्या, आता सुधारणा केली आहे. नोंदी भरण्यातील. म्हणजे परत मॅडम. मी त्याच्या टेबलापाशी गेले.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"हे प्रोफेशनल आहे."

"त्यांची नोकरी जाणार होती."

"गेली का? नाही ना? मग आता कंपनीची घालवू नकोस. चूक आमची असं लेखी दिलं की उद्या तो पेशंट कोर्टात जाईल."

मला ते ऐकू आलं. त्याला पाटील आठवत होते. जिन्यात बसलेले पाटील त्याला बरोबर आठवत होते, फक्त मॅडम आठवत नव्हत्या. मी जागेवर आले आणि मराठीत सरळ लिहिलं. सर्व नोंदी आपल्या रिसेप्शनिस्टनी योग्य वेळी आणि योग्य भरल्या होत्या. त्या यादीत न दिसण्याचं कारण आमच्या क्वेरीतली, म्हणजे यादी काढणाऱ्या कोडमधली, चूक होती. मेसेजमधली चुकीची वेळ हीसुद्धा आमचीच चूक होती. डॉक्टरांना पाठवलं, लीडला कॉपी ठेवली.

लीड माझ्याशी आठवडाभर फक्त चॅटवर बोलला. मग पेठेतले सगळे क्लायंट दुसऱ्या मुलाला गेले. तो हिंजवडीत राहतो, त्याला यायला तास लागतो. मला आता आतली कामं आहेत. आणि बाकीच्या सगळ्या दवाखान्यांत वेळ अजून टेक्स्टच आहे. प्रत्येक आठवड्याच्या मीटिंगला मी तो मुद्दा काढते, सगळे फोनमध्ये बघतात, लीड म्हणतो, नोटेड.

परवा मेसला जाताना दवाखान्याच्या खालून चालले होते. माझं तिथे काही काम नव्हतं. तरी वर गेले. नवीन मुलगी शेजारच्या खुर्चीत, फाइली लावत होती. काउंटरवर एक गृहस्थ उभे, हातात हेल्मेट. मॅडम त्यांची पुढची अपॉइंटमेंट भरत होत्या. मी दारातच थांबले. यादी आता नीट चालते, मला माहीत होतं, मी स्वतः बघितलंय, नोंद टाकली की त्याच क्षणी दिसते.

मॅडमनी एंटर मारलं. मग अख्खा मॉनिटर दोन्ही हातांनी धरून त्या गृहस्थांकडे वळवला.

"हे बघा. तुमचं नाव. सकाळी साडेसात. दिसतंय ना?"

"दिसतंय."

"नीट बघा."

"अहो दिसतंय की, मला साखर आहे, मोतीबिंदू नाही."

"तुमचं नाही हो," मॅडम म्हणाल्या. "मी माझं विचारतेय."